अकरा जणींत एक फोन

ताई, आधीच सांगून ठेवते. माझं अक्षर कोंबड्यांनी अंगण उकरल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि मग पेन हातात आलं ते कधीतरी सही करायलाच. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी याचा विचार करत बसले तर कागद कोराच राहील, म्हणून जशी सुचेल तशी देते. जिथे लागणार नाही ते सोडून पुढचं वाच.

तू म्हणाली होतीस, गुडघ्यामुळे मला येता येत नाही, आल्यावर सगळं सांग. मी बोळिंजला तुझ्याकडे आले, तुझ्या सुनेने चहा दिला, ती समोर बसली, आणि माझ्या तोंडून "छान झाली यात्रा" एवढंच निघालं. म्हणून लिहिते. वाचून झालं की मला परत दे. कोणाला दाखवू नकोस.

निघताना

भाताची झोडणी उरकली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. भजनाच्या अकरा जणी, मिनीबस आणि ड्रायव्हर. पुढारी अर्थातच मालतीवहिनी. सगळ्यांचे पैसे त्यांच्या कापडी पाकिटात, चोरापोरांची भीती नको म्हणून. वरखर्चाला प्रत्येकीच्या हातात दीडशे रुपये. लागतील तसे मागायचे आणि कशाला ते सांगायचं.

फोन माझ्याकडे. आमच्या हेमंतने त्याचा मोबाइल दिला होता. अकरा घरांचे नंबर त्याने आत भरले आणि म्हणाला, "आई, आपल्या राज्याबाहेर गेलात की आलेल्या फोनलाही पैसे पडतात. काम असेल तेवढं बोला आणि ठेवा." पण फोनमधली नावं इंग्रजीत. मला बाराखडी येते, ए बी सी डी नाही. त्याच्यापुढे कबूल करायला लाज वाटली, म्हणून मी एका छोट्या लाल वहीत सगळे नंबर मराठीत उतरवून घेतले.

इथपर्यंत ठीक होतं. पुढचं डोकं मालतीवहिनींचं. त्या म्हणाल्या, "घरून फोन येणार तो कशाला? चावी कुठे ठेवली, रेशनकार्ड कुठे ठेवलं, यालाच ना! मग सुमनच्या वहीत सगळं लिहून ठेवा. ती वाचून सांगेल, फोन एका मिनिटात ठेवता येईल."

सगळ्यांना पटलं. आपल्याकडे घरातून निघताना चावी कोणी बरोबर नेत नाही हे तुला माहीत आहे. एक माणूस वाडीतून येणार, एक कामावरून, पोरं शाळेतून, म्हणून चावीची एक ठरलेली जागा असते. बसमध्ये एकेक जण माझ्याशेजारी येऊन बसली आणि कानात सांगू लागली. मी लिहिलं. पार्वतीमावशी, चावी न्हाणीच्या चुलीमागे, डबा तांदळाच्या कणगीत. मालतीवहिनी, निळं दार, समोर चाफा, चावी डाव्या कुंडीखाली, रविवारपर्यंत घरी कोणी नाही. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचे शेजारचे पी.पी. नंबर होते, म्हणून सगळ्यांच्याच घराच्या खुणाही लिहिल्या. चार तासांत सगळ्या आळीची गुपितं माझ्या मांडीवर आली. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. इतक्या बायका माझ्याशी आपणहून कधी बोलल्या नव्हत्या.

उडुपी

देऊळ मोठं, तळं स्वच्छ, पण मला लक्षात राहिलं ते जेवण. फरशीवर रांगेत बसायचं, पुढे केळीचं पान. वाढणारे अक्षरशः पळत येतात. भाताच्या ढिगात खळगा करायचा आणि त्यात सार ओततात, ते पानावरून पळायच्या आत हाताने बांध घालायचा. आपण खाचरात बांध घालणारी माणसं, आपल्याला काय कठीण! पण पार्वतीमावशींचा बांध फुटला आणि सार थेट मालतीवहिनींच्या पातळावर.

"मावशे, जन्म शेतात काढलास ना?"

"शेतातलं पानी असं पळत नाय गो! हे पानी नाय, घोडा हाय."

भात तांबडा, जाड, उकडा. दोन घासांत पोट भरतं. सकाळी बन्स म्हणून एक पुरी मिळाली, पिकलेलं केळं मैद्यात मळून तळलेली, गोडसर, आतून जाळीदार. इतकी वर्षं आपल्या वाडीत केळी पिकतात, जास्त पिकली की आपण गुरांना घालतो, पण हे कधी कोणाला सुचलं नाही. मी हलवायाच्या मागे उभी राहून पाहून घेतलं. पुढल्या खेपेला तुला करून आणते.

इथे फुलं वजनावर नाहीत, हातावर विकतात. गजरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजला की एक माप. विकणारी बाई ठेंगणी. पार्वतीमावशींनी आपला लांब हात पुढे केला. "ह्याच्यावर माप. तुजा हात आखूड हाय." त्या बाईला भाषा कळली नाही, पण हात कळला. ती हसली आणि एक वीत जास्त दिली. बायका इथे रोज डोक्यात फुलं घालतात, भाजी विकणारीसुद्धा. आपण फुलं पिकवतो आणि सगळी दादरला पाठवतो. मी परत आल्यापासून रोज एक फूल ठेवून घेते.

गोकर्ण

चौथ्या दिवशी दुपारी गोकर्णाला पोचलो. मुरुडेश्वरचं काही लिहीत नाही, तिथे माझी चप्पल वाहून गेली आणि मी चप्पलच शोधत होते.

गोकर्णाची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना लाकडी खांबांची घरं, आणि शेवटी एकदम समुद्र. आपल्या वसईच्या पाचूबंदरला समुद्र म्हटलं की होड्या, जाळी आणि सुकत घातलेले बोंबील. इथे नुसती वाळू आणि पूजा सांगणारे भटजी. पार्वतीमावशींनी नाकाने हवा ओढली. "समुद्र हाय आनि वास नाय. काय उपेग?" चार दिवस मासे नाहीत म्हणून त्या कासावीस झाल्या होत्या.

धर्मशाळेत फोन चार्ज करायला एकच जागा, पुढच्या ओटीवर, व्यवस्थापकाच्या टेबलाजवळ. संध्याकाळी मी फोन चार्जिंगला लावला, वही टेबलावर ठेवली आणि तिथेच बसले. तेवढ्यात मराठी ऐकू आलं. दुसरी एक यात्रा उतरली होती, आणि कुठली म्हणशील तर विरारच्या चंदनसारची! इतक्या लांब आपल्याकडची माणसं भेटल्यावर मला इतका आनंद झाला की मी बोलत सुटले. त्या बायकांनी विचारलं, कुठून, किती जणी, कधी परत. मी सगळं सांगितलं. अकरा जणी, सगळ्या एकाच आळीच्या आसपासच्या, रविवारी परत. ती मंडळी सकाळी लवकर निघून सरळ घरी जाणार होती.

बोलण्याच्या नादात रात्री फोन आणि वही तिथेच राहिली. सकाळी आंघोळ करून ओटीवर आले तर फोन होता, वही नव्हती.

टेबलाखाली पाहिलं, सतरंज्या झटकल्या. व्यवस्थापक हिंदीत म्हणाला, "तुमच्याकडच्या त्या बसच्या बायका टेबलावरच्या प्रसादाच्या पुड्या, कागद सगळं गोळा करून घेऊन गेल्या. त्यात गेली असेल."

मी ओटीच्या पायरीवर बसले. आपल्याकडचीच माणसं, उद्या रात्रीपर्यंत विरारला पोचणार. आम्ही पोचणार त्यानंतर तीन दिवसांनी. आणि त्यांच्या सामानात एक वही, तिच्यात कोणाची चावी कुठे, कोणाचा डबा कुठे, कोणाचं दार कुठल्या रंगाचं आणि कोण कधीपर्यंत घरी नाही. माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. चांगलीच वाटली. पण वही कोणाच्या हातात जाईल ते मला काय ठाऊक?

फोन लावायला घेतला तर आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगून गप्प झाली. पैसे संपले होते. आलेल्या फोनांनीच खाल्ले. आमच्या फोनमध्ये पैसे भरायचं कार्ड इथे कोणाकडे मिळेना.

मालतीवहिनींना सांगायला हवं होतं. त्या देवळाच्या रांगेत पुढे उभ्या होत्या. मी पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि परत आले. तीन वेळा गेले. ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

गल्लीच्या तोंडाशी एस.टी.डी.चं बूथ होतं. काचेचं खोपटं, बाहेर पानसुपारी, आणि आत साधारण माझ्याच वयाची बाई. गिरिजाबाई त्यांचं नाव. "कितें जाय?" म्हणजे काय हवं, असं विचारलं. माझ्या डोळ्यांतून एकदम पाणीच आलं.

"रडूं नाका, बाये. बसा." त्यांनी स्टूल सरकवलं.

त्यांची कोकणी निम्मी कळते, माझी मराठी त्यांना निम्मी कळली. दोन निम्म्यांत काम झालं. आता अडचण अशी की नंबर वहीत होते आणि वही गेली. मी फोन पुढे केला. "यात आहेत, पण मला वाचता येत नाही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोलले. गिरिजाबाईंना इंग्रजी येत होतं. त्या फोनची बटणं दाबून एकेक नाव वाचायच्या, "पा-र-व-ती," मी मान हलवायची, त्या नंबर लावायच्या.

पहिला फोन पार्वतीमावशींच्या घरी. त्यांचे मालक, गोविंदकाका.

"काका, मी सुमन. न्हाणीतली चावी तिथून काढून दुसरीकडे ठेवा. आत्ताच्या आत्ता."

"कोन सुमन?"

"हेमंतची आई."

"हेमंतची आई एवढं बोलत नाय. तू कोन हाय ते सांग. चावी न्हानीत हाय ते तुला कोनी सांगितलं? थांब, पोलिसांना बोलवतो."

बरोबर होतं त्यांचं! मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. आता मीच मी आहे हे कसं पटवायचं? मग एकदम आठवलं. "काका, गणपतीत तुम्ही आमच्या ओटीवरून घसरून मोदकांच्या परातीत बसलात. मावशीला सांगू नकोस म्हणालात. मी अजून सांगितलं नाही."

पलीकडून खाकरल्याचा आवाज. "बरं बरं. हलवतो. आनि ते सांगू नको हां अजून."

त्यानंतर मी शहाणी झाले. प्रत्येक घरी आधी अशी एक गोष्ट सांगायची जी फक्त मला आणि त्या घरालाच माहीत, आणि मग काम. सगळ्यांत अवघड पी.पी. नंबर. शेजारी कान देऊन उभे असणार, चावीचं नाव काढायचं कसं? एका घरची सून शेजारच्या फोनवर आली.

मी म्हटलं, "ती वस्तू जागेवरून उचल आणि स्वतःजवळ ठेव."

"कोनती वस्तू?"

"नेहमी जी तिथे असते ती."

"तिथे म्हंजे कुठे?"

"अगं, जी नसली तर तू बाहेर राहशील ती!"

"अगंबाई, चावी!" असं ती एवढ्याने ओरडली की गिरिजाबाईंनाही ऐकू गेलं. त्यांना 'चावी' कळलं. त्या हसायला लागल्या आणि मग मीही.

दहा घरं झाली. बिल झालं तीनशे बारा. माझ्याजवळ होते एकशे तीस. मालतीवहिनींकडे मागायचे तर कशाला ते सांगावं लागणार, आणि गाडीचा हॉर्न वाजायला लागला होता. मी गळ्यातल्या पोतीला हात लावला तर गिरिजाबाई रागावल्या. "तें नाका!" त्यांनी एका चिठ्ठीवर आपला पत्ता लिहिला, एकशे ब्याऐंशीचा आकडा घातला आणि माझ्या मुठीत दिला. म्हणाल्या, घरी जा, मग पाठव. ना ओळख ना देख. माझा पत्ता मी देऊ केला तर नको म्हणाल्या.

शिरसी

घाट चढून शिरसीला आलो. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, सरळ, उंच, आणि सुपारीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले. खाली गारवा, मध्ये पाटाचं पाणी झुळझुळतंय. आपल्या पानवेलीच्या मळ्याची आठवण झाली, तसाच उजेड, चाळणीतून आल्यासारखा. बागेतल्या एका माणसाने आम्हाला ताक आणि गूळ दिला. इकडे पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात, नुसतं पाणी पुढे करत नाहीत.

पण माझा गूळ हातातच राहिला. दहा घरं झाली होती, अकरावं राहिलं होतं. मालतीवहिनींच्या घरी फोन वाजत राहिला, कारण घरी कोणी नव्हतंच. म्हणजे ज्या घराला सगळ्यांत जास्त धोका तेच उघडं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाकीच्या नऊ जणी ताक पीत होत्या. म्हटलं, एकदाच बोलायचं तर सगळ्यांसमोर बोलावं. बोलले. वही गेली इथपासून दहा फोन झाले इथपर्यंत. मोदकांच्या परातीचं तेवढं सोडून.

मग मालतीवहिनी म्हणाल्या, "पाच दिवस तोंडाला कुलूप आणि आज उघडलंस तर हे!"

"लिवायला कोनी सांगितलं होतं?" पार्वतीमावशी त्यांच्यावरच उलटल्या. "तिचं काय चुकलं? चावी कुठे ते तुज्या तोंडानं तूच सांगितलंस ना तिला?"

मालतीवहिनींनी मान खाली घातली. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या शेजारी फिलोमिना आहे. तिच्याकडे फोन आहे. पण..."

पण काय ते सगळ्यांना ठाऊक. हद्दीवरच्या माडाचे नारळ कोणाचे यावरून दोन वर्षं दोघींत बोलणं नाही. एक दुसरीच्या अंगणाकडे पाहतसुद्धा नाही. आणि आता तिलाच सांगायचं, माझी चावी डाव्या कुंडीखाली आहे, काढून घे.

शिरसीच्या बूथमध्ये मालतीवहिनी आत आणि आम्ही दहा जणी काचेला नाकं लावून बाहेर. हेमंतच्या फोनमध्ये आळीतल्या इतरांचेही नंबर होते, त्यातला फिलोमिनाचा तिथल्या माणसाने वाचून लावला.

"फिलू, मी मालती... हो, तीच... भांडायला नाही गं, गोकर्णावरून पुढे आलोय... ऐक तर..."

मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा नाक लाल.

"काय म्हनाली?" पार्वतीमावशी.

"म्हणाली, मागची खिडकी उघडी टाकून गेलीस, मांजरं शिरत होती. परवाच काठीने लोटून लावून घेतली. आणि चावी डाव्या कुंडीखाली असते हे सगळ्या वसईला माहीत आहे, म्हणून मंगळवारीच काढून आपल्या घरी ठेवली."

आम्ही इतक्या हसलो की बूथवाला बाहेर आला. त्या दिवशी संध्याकाळी मी दोन वेळा जेवले.

घरी

रविवारी दुपारी उतरलो. सगळी घरं जागेवर. फक्त पार्वतीमावशी दोन तास दाराबाहेर बसल्या, कारण गोविंदकाकांनी चावी इतकी जपून लपवली होती की त्यांनाच आठवेना. शेवटी लोणच्याच्या बरणीत सापडली. मावशी आल्या आल्या विचारत होत्या, "सुमनवर तुमचा विश्वास कसा बसला?" काका माझ्याकडे पाहत होते. मी माझी पिशवी उचलली आणि घरी निघाले.

चार दिवसांनी चंदनसारहून एक गृहस्थ थेट मालतीवहिनींच्या दारात आले, मीही तिथेच होते. प्रसादाच्या पिशवीत आमची वही निघाली, ती परत द्यायला. भला माणूस. "आतलं काही वाचलं नाही हो," म्हणाले. मालतीवहिनींनी पाणी देता देता विचारलं, "मग कोणाला न विचारता घर कसं सापडलं?"

"निळं दार, समोर चाफा," ते म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

वही मी त्याच दिवशी चुलीत घातली. हेमंतला सरळ सांगितलं की मला इंग्रजी वाचता येत नाही. तो म्हणाला, "आधी सांगायचंस ना." आता आठवड्याला दोन अक्षरं शिकवतो. एम पर्यंत आले आहे.

फोनच्या बिलाचं कळल्यावर मालतीवहिनी पाकीट काढून म्हणाल्या, "अकरा जणींत वाटून घेऊ." मी नको म्हटलं. गिरिजाबाईंनी विश्वास माझ्यावर ठेवला होता, बाकी कोणावर नाही. हेमंतकडेही मागितले नाहीत. आपल्या बांधावर गजऱ्याचा कागडा लावलाय ना, त्या कळ्यांचे पैसे माझे स्वतःचे. पहिल्या पंधरवड्यात शंभर जमले, ते मनिऑर्डरने पाठवले. पोस्टातल्या बाईंनी चिठ्ठी पाहून पत्ता लिहून दिला. मग थंडी वाढली, कळ्या कमी झाल्या, वेळ लागला. रोज वाटायचं, गिरिजाबाई म्हणत असतील, गेली ती गेली.

संक्रांतीच्या आधी उरलेले ब्याऐंशी पाठवले. काल पोस्टमन पोच घेऊन आला. खाली गोल गोल अक्षरांत गिरिजाबाईंची सही आहे. त्यांचे एकशे ब्याऐंशी रुपये पुरते फिटले.